नागपूरच्या अंगणात सुगंध: देशी झाडं निवडायची कशी, जगवायची कशी

सुगंधी देशी झाडांच्या ज्या याद्या हातोहात फिरतात, त्या बहुतेक कोकणातली बाग डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. सुरंगी, सोनचाफा, नागकेशर, केवडा, बकुळ. रत्नागिरीत मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, हवेत दमटपणा असतो, जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि पाणी तिच्यातून लगेच उतरतं. नागपुरात त्याच महिन्यात पारा ४५ ओलांडतो, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली जाते, आणि पायाखाली चुनखडीची काळी माती नाहीतर कोरडा मुरूम असतो. म्हणून इथे सुरुवात फुलापासून करायची नसते. आधी माती, मग मे महिना, आणि शेवटी वास.

आधी मातीच्या दोन परीक्षा

शहराच्या पश्चिमेकडे, सेमिनरी हिल्सच्या बाजूला, बेसॉल्टचा खडक वर आलेला आहे आणि मुरूम लवकर लागतो. इतर बऱ्याच भागांत खोल काळी माती सापडते. नव्या लेआउटमध्ये मात्र वर भरणीचा मलबा असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या अंगणावरून आपला अंदाज बांधू नये.

पहिली परीक्षा निचऱ्याची. दीड फूट खोल आणि एक फूट रुंद खड्डा करा, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाभरात पाणी किती इंच उतरलं ते पट्टीने मोजा. एक इंच किंवा जास्त उतरलं तर काळजी नाही. अर्ध्या इंचाच्या आत राहिलं तर झाड उंचवट्यावरच लावावं लागेल. ही परीक्षा मे महिन्यात केली तर एक फसगत होते: भेगाळलेल्या काळ्या मातीत पाणी भेगांतून गडप होतं आणि निचरा उत्तम आहे असं वाटतं. पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात आणि तीच जागा डबकं होते. म्हणून आधी दोन दिवस जागा भिजत ठेवा, भेगा बुजू द्या, मग मोजा.

दुसरी परीक्षा चुन्याची. एक फूट खोलीवरची वाळलेली चिमूटभर माती बशीत घ्या आणि वर पाच-सहा थेंब पांढरं व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे दिसले, कान जवळ नेल्यावर चरचर ऐकू आली, तर चुना भरपूर आहे. मातीत पांढरे खडे दिसत असतील तर परीक्षेचीही गरज नाही. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांना जो रोग छळतो, तोच अंगणातल्या सोनचाफ्याला आणि अनंताला होतो. नेमका आकडा हवा असेल तर जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा. सामू (पीएच) ८ च्या वर आला तर पुढची निवड जवळपास ठरलीच.

नर्सरीत जे देशी म्हणून मिळतं

देवचाफा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा आहे, रातराणीही अमेरिकेच्या उष्ण भागातली. अनंत चीन-जपानकडचा, कवठीचाफा अमेरिकेचा. यातलं काही लावू नये असं नाही. देवचाफा तर नागपूरचं ऊन मजेत सोसतो. पण देशी झाड लावल्याचं समाधान हवं असेल, तर विचारून घ्यावं.

सोनचाफा आपलाच, पण दमट डोंगरांतला. इथे त्याला पश्चिमेच्या उन्हापासून भिंतीचा आडोसा, बोअरवेलऐवजी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी आणि दर वर्षी लोहाची फवारणी लागते. घ्यायचाच तर कलम घ्या. कलमाला एक-दोन वर्षांत फूल येतं, बियांच्या रोपाला कितीतरी वर्षं थांबावं लागतं. सुरंगीचा हट्ट इथे धरू नये. तिची नर आणि मादी झाडं वेगळी असू शकतात, वाढ सावकाश आणि गरज कोकणच्या हवेची. केवड्याचं गणित वेगळं: त्याला पाय ओले ठेवणारी जागा लागते आणि वास फक्त नर झाडाच्या कणसाला असतो. विहिरीजवळ किंवा तळ्याकाठी शेत असेल तर जमेल, ३० बाय ५० च्या प्लॉटवर त्या काटेरी पानांचा उपद्रवच जास्त.

किनाऱ्यावरच्या यादीतून नागपूरला बिनबोभाट येणारं झाड एकच, बकुळ. वाढ हळू, पण पानं बारमाही, सावली दाट आणि मुळं फारशी उनाड नाहीत. मुख्य बहर उन्हाळ्यात. फूल नखाएवढं, मळकट पांढरं, आणि गळताना पाकळ्यांचं कडं अख्खं खाली येतं. त्याच्या मधोमध आरपार भोक असतं, त्यामुळे गजरा ओवायला सुई लागत नाही, नुसता दोरा पुरतो. सुकून तपकिरी झालेल्या फुलांचाही वास कपाटात कितीतरी दिवस टिकतो. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी देऊन काढली की पुढे ते स्वतःचं बघतं.

विदर्भातल्या रानाचा सुगंध

या भागाला दाद कमी मिळते. वास्तविक विदर्भाच्या पानझडी रानात वासाची झाडं कमी नाहीत, आणि ती याच मुरमात, याच उन्हात वाढलेली आहेत.

मेडशिंगी हे त्यांतलं पहिलं. मध्यम झाड, पांढरी कर्ण्याच्या आकाराची फुलं, उन्हाळ्यात रात्री उमलणारी. नंतर शिंगासारख्या वळलेल्या लांब शेंगा लागतात, त्यावरून नाव. पाणी साचलेलं त्याला चालत नाही, बाकी तक्रार नाही.

डिकेमाली झुडपापेक्षा थोडी मोठी, दहा-बारा फुटांत आवरते. फुलं पांढरी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी पिवळी होतात, म्हणून एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. कोंबाच्या टोकाला पिवळसर डिंकाचा चकचकीत थेंब असतो. रोप खरं की खोटं हे ओळखायची सोपी खूण तीच. नर्सरीवाला कधी कधी डिकेमाली म्हणून अनंत देतो. अनंताच्या टोकाला हा डिंक नसतो आणि आपल्या चुनखडीत तो पिवळा पडून बसतो.

काळा कुडा लहान जागेसाठी चांगला. एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या फुलांचे घोस, आणि जोडीने लोंबणाऱ्या शेंगा, टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. अंकोलाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं नसताना फुलं येतात. बेलाच्या फुलाचा वास किती गोड असतो हे देवळात बेल वाहणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसतं, कारण लक्ष पानांकडे असतं. पानगळीनंतर नव्या पालवीबरोबर ती हिरवट-पांढरी फुलं येतात. बेलाला काटे आहेत, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावा.

काळ्या मातीत, जिथे पावसाळ्यात पाणी रेंगाळतं, तिथे कळंब विचारात घ्या. पावसाच्या तोंडाला छोटे पिवळसर गोल गेंद येतात. मात्र हे मोठं झाड आहे, शेतावर किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेतच शोभतं. शिरीषाचंही तसंच: एप्रिल-मेच्या रात्री वास लांबवर जातो, पण फांद्या वादळात मोडतात. घराच्या छतावर ओणवं होईल असं लावू नये.

कुंपणासाठी मेंदी आणि करवंद. मेंदीच्या कुंपणाला वासच नाही अशी तक्रार करणाऱ्यांचं कुंपण दर महिन्याला कात्री लावून सपाट केलेलं असतं. फुलांचे तुरे फांदीच्या टोकाला येतात, टोक कापलं की फूल गेलं. वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत, छाटा आणि पावसाळ्यात वाढू द्या. करवंदाला उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढऱ्या फुलांचा मंद वास असतो, वर काट्यांमुळे गुरंढोरं आणि कुत्री बाहेर राहतात.

चंदन अनेक जण वासासाठी मागतात. सुगंध गाभ्याच्या लाकडाला आणि मुळांना असतो, फुलांना नाव घेण्यासारखा नाही. शिवाय ते मुळांनी शेजारच्या झाडातून अन्न घेतं आणि जरा जाड झालं की चोरांची नजर पडते. अंगणात नकोच.

पारिजातक, मोगरा आणि मंडळी

पारिजातक मुळात मध्य भारतातल्या खडकाळ उतारांवरचा. खत आणि पाणी जास्त झालं की पानं मोठी होतात, फुलं कमी. ऑगस्टपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रात्री उमलून पहाटे सडा. फुलं त्याच हंगामातल्या नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटून घ्यावा. मेमध्ये पानं मलूल होऊन गळतात आणि नवखा माळी घाबरून रोज बादलीभर पाणी ओततो. झाड मरतं ते त्या पाण्यानं. नखाने साल किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. आठवड्याला एक पाणी पुरे.

मोगरा इथे मार्च ते जून ऐन उन्हात फुलतो, पण त्याला ताण द्यावा लागतो. संत्र्याचा आंबिया बहार धरताना जे करतात तेच छोट्या प्रमाणावर: डिसेंबरअखेर पाणी कमी करत न्या, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जवळपास बंद करा. दुसऱ्या पंधरवड्यात जमिनीपासून दीड फुटावर सगळ्या फांद्या छाटा आणि उरलेली पानं काढा. मग प्रत्येक झुडपाला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी ढेप देऊन पाणी सुरू करा. छाटणी टाळली तर झुडूप हिरवंगार राहतं आणि कळ्या टोकाला चार-दोन. मोगऱ्याला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवं. बाल्कनीत फुलत नाही ही तक्रार बहुतेक वेळा उन्हाची असते, खताची नसते.

जुई पावसाळ्यात, कुंद हिवाळ्यात. कुंदाचा वास अगदी हलका, पण डिसेंबरात दुसरं काही नसताना तोच असतो. कुंती पावसाची पहिली मोठी सर पडली की एकदम पांढरी होते आणि दोन-तीन दिवसांत झडते, असं वर्षात तीन-चारदा. ती लिंबाच्या कुळातली आहे, चुनखडीत पिवळी पडू शकते.

एक इशारा सप्तपर्णीबद्दल. झाड देशी, वाढ झपाट्याची, म्हणून रस्त्यांच्या कडेला खूप लागलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचा वास इतका दाट होतो की अनेकांचं डोकं दुखतं. झोपायच्या खोलीजवळ हे झाड नको.

जागा ठरवताना

उन्हाळ्याची झळ पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येते, पावसाळ्याचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून. पावसाळी फुलं बसायच्या जागेच्या पश्चिमेला लावली तर वास आपल्याकडे येतो, पूर्वेला लावली तर शेजाऱ्याकडे जातो. रात्री उमलणारी झाडं ओट्याजवळ, पहाटे सडा टाकणारी फाटकाजवळ किंवा देवघराच्या खिडकीखाली. पारिजातकाखाली गाडी उभी करू नका, फुलांचे केशरी देठ रंगावर डाग पाडतात.

भिंतीपासूनचं अंतर गांभीर्याने घ्या. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि मोठं झाड पायाजवळची ओल शोषून हा खेळ वाढवतं. भिंतींना तडे जातात ते असे. मोगरा, कुंद यांना दोन फूट पुरतात. पारिजातक, डिकेमाली आणि काळा कुडा सहा ते आठ फूट. बकुळ, बेल, मेडशिंगी बारा ते पंधरा. कडुनिंब, शिरीष, कळंब पंचवीस फुटांच्या आत नकोच. वर विजेची तार असेल तर झुडूपच लावा. चुकीच्या जागी वाढलेलं झाड पुढे आपल्या मर्जीने तोडता येत नाही: नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

३० बाय ५० च्या प्लॉटवर बांधकामानंतर पुढे जेमतेम पाच-सात फुटांची पट्टी उरते. तिथे एक पारिजातक घरापासून लांबच्या कोपऱ्यात, दोन मोगरे, एक कुंद आणि कुंपणाला मेंदी. बस्स. मागे सांदवाडीत जागा असेल तर डिकेमाली किंवा काळा कुडा. एवढ्यात जुलै ते जून एखादं तरी फूल चालू राहतं. दहा झाडं कोंबली तर तिसऱ्या वर्षी एकालाही ऊन मिळत नाही.

रोप निवडणं आणि लावणं

वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत जूनमध्ये रानातली रोपं स्वस्तात मिळतात. मेडशिंगी, डिकेमाली तिथेच आधी विचारा. पिशवीतलं सर्वांत उंच रोप उचलू नका. दोन-अडीच फुटांचं, बुंधा पेन्सिलीएवढा जाड, ते घ्या. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलं असेल, किंवा मुळं आतल्या आत गोल फिरलेली असतील, तर ते रोप नंतरही तसंच गुंडाळलेलं राहतं आणि चार-पाच वर्षांनी वाऱ्याने उपटतं.

खड्डे मेमध्ये करा, पंधरा दिवस तापू द्या. लावणी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. मुरमात अडीच फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि दोन भाग काळी माती, एक भाग निघालेला मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत, वर अर्धा किलो ढेप असं मिश्रण भरा.

खोल काळ्या मातीत मात्र उलटं करायचं. तिथे खड्ड्यात भुसभुशीत खतमाती भरली तर भोवतीची चिकण माती पाणी धरते आणि खड्डा हौद होतो. मुळं कुजतात. त्यापेक्षा जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच आणि चार फूट रुंद उंचवटा करा: दोन घमेली मुरूम, दोन घमेली काळी माती, एक घमेलं शेणखत, या प्रमाणात हवा तेवढा. रोप त्यावर लावा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच पुरा. कलम असेल तर जोड मातीच्या चार बोटं वर राहिला पाहिजे.

पहिले तीन उन्हाळे

पहिल्या उन्हाळ्यात काळ्या मातीत दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा लिटर, मुरमात एक दिवसाआड. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला वीस-पंचवीस लिटर, तिसऱ्यात दहा-पंधरा दिवसांनी. पाणी बुंध्यापाशी न देता फांद्यांच्या घेराखाली आळं करून, सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर. आळ्यात सोयाबीनचं किंवा गव्हाचं कुटार तीन-चार इंच पसरा, बुंध्यापासून तीन बोटं मोकळं ठेवून, नाहीतर उधई सालीवर चढते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पश्चिमेच्या बाजूने ५० टक्क्यांची शेडनेट बांधा. चारही बाजूंनी गुंडाळू नका, आत हवा कोंडते.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालण्याची सवय घरोघरी आहे. ती मोडा. पाणी उडत जातं, क्षार टाकीतच राहतात, आणि आठवडाभराचं ते पाणी बोअरवेलपेक्षाही जड होतं. आरओचं सोडलेलं पाणीही तसंच. पानांची टोकं आणि कडा करपलेल्या दिसल्या की आधी पाण्याचा संशय घ्या. मेंदी, कडुनिंब सोसतील. सोनचाफा, कुंती सोसणार नाहीत.

बिघडलं तर

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह. एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा, असं दोन-तीनदा. तेच फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत टाकणं म्हणजे पैसे वाया, चुना ते लगेच बांधून टाकतो. मातीत द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रेणूत गुंडाळलेलं, ईडीडीएचए प्रकारचं घ्या. दुकानात सहसा ईडीटीए पुढे करतात, ते आपल्या सामूला मातीत टिकत नाही, फवारणीपुरतं ठीक.

जुनी, खालची पानं सगळीच पिवळी आणि माती ओली: पाणी जास्त. हात कोपरापर्यंत जाईल एवढं उकरून बघा, वास कुबट येत असेल तर पाणी थांबवा आणि आळ्याला बाहेरच्या बाजूने चर काढून द्या.

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन न उमलता गळतात आणि दोन-तीन कळ्या जाळीने एकत्र बांधलेल्या दिसतात: कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या तोडून जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, झुडपाखाली पडू देऊ नका. मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने दोन फवारण्या. मेमध्ये पानं धुळकट करडी पडली आणि मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी आहे. त्याला औषधाआधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागच्या बाजूने द्यावा, तीन-चार दिवस रोज सकाळी.